उतारशाळेचे देणे

नागपूरच्या सीताबर्डीवर, महाराजबागेच्या रस्त्याला, १८९६ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनने स्त्रियांसाठी एक रुग्णालय उघडले. म्यूर मेमोरियल या नावाने ते पुढे विदर्भात सर्वपरिचित झाले. स्टीफन हिस्लॉप नागपुरात येऊन तेव्हा अर्धशतक उलटले होते आणि मिशनच्या शाळांतून शहराला इंग्रजी शिक्षणाची ओळख झाली होती. रुग्णालयाने जी ओळख करून दिली ती निराळी होती. त्या काळी दोन प्रकारच्या स्त्रिया परस्परविरुद्ध कारणांनी उपचारांस मुकत असत. वरच्या जातीतील स्त्रीला परपुरुषाचा हात लागता कामा नये म्हणून डॉक्टर तिची नाडी पाहू शकत नसे, आणि अस्पृश्य मानलेल्या स्त्रीला आपला हात लागता कामा नये म्हणून वैद्य तिच्या दारी जात नसे. एकीचे पावित्र्य आणि दुसरीचा विटाळ, दोहोंची परिणती बहुधा सारखीच होई. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरिन निधीतून स्त्रियांच्या दवाखान्यांचे सरकारी पाठबळाचे प्रयत्न सुरू झाले होते, पण गरज अफाट होती. मिशनच्या स्त्री-डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी या दोन्ही स्त्रियांना हात लावला. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन कोणी कसेही करो, प्रारंभ या साध्या गोष्टीपासून करावा लागतो.

ख्रिस्ती करुणेचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्यांमध्ये दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, ही सारी भूतदया आहे. ती गरिबाला मिंधे करते, अन्यायाची धार बोथट करते आणि मागल्या दाराने धर्मांतर घडवते. दुसरी प्रतिक्रिया भाविकाची असते. ती सेवाव्रती व्यक्तीच्या तसबिरीला हार घालते, डोळे पुसते आणि आपल्या कामाला लागते. पहिली प्रतिक्रिया करुणेला नाकारते, तर दुसरी तिला संतांच्या स्वाधीन करून स्वतः मोकळी होते. रुग्णालयातील खाटेवर पडलेल्या माणसाला दोहोंचाही उपयोग नाही. त्याची निकड अगदी लहान असते. कोणीतरी कूस वळवून द्यावी, ओली चादर बदलावी, रात्री हाक मारल्यावर यावे, आपल्याला काय झाले आहे ते कळेल अशा भाषेत सांगावे. ही नित्याची करुणा कोठून येते, ती कोण करतो आणि तिचा खर्च कोण सोसतो, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. समाजवाद्यांनी तो त्याच नजरेने पाहिला पाहिजे.

दोन दिनारांची गोष्ट

ख्रिस्ती परंपरेत रुग्णसेवेचा आदर्श ज्या कथेतून घेतला जातो, ती लूककृत शुभवर्तमानात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. त्याच वाटेने धर्मकृत्ये करणारा याजक आला आणि कडेने निघून गेला. लेवीही तसाच गेला. ज्यांच्याशी यहुदी लोक रोटी-पाण्याचा व्यवहार टाळीत त्या शोमरोनी जमातीचा एक मनुष्य मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या आणि आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेले. कथेची ख्याती येथपर्यंतच्या भागामुळे आहे. जातीची मर्यादा ओलांडणारा हा स्पर्श महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरची विहीर अस्पृश्यांना खुली केली, तेव्हा त्यांनी हीच मर्यादा ओलांडली होती.

परंतु कथा तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देतो, याची काळजी घे म्हणून सांगतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे वचन देऊन निघून जातो. दिनार म्हणजे काय, हे मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या कथेवरून कळते: तो मजुराचा एका दिवसाचा रोज आहे. म्हणजे या दयाळू माणसाने दोन दिवसांचा रोज आगाऊ भरला आणि पुढील खर्चाची जबाबदारी पत्करली. आपली भावना उत्कट आहे एवढ्यावर त्याने रोग्याला सोडले नाही. त्याने वाहनाची, निवाऱ्याची आणि पैशाची तजवीज केली.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली न्यूयॉर्कच्या आपल्या गाजलेल्या भाषणात या कथेतील रस्त्याकडे लक्ष वेधले. वाटसरूंना वारंवार लुटले जात असेल तर रस्ताच बदलला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. समाजवाद्यांना तो सहज पटेल. लुटारू कोण आणि रस्ता असुरक्षित कोणी ठेवला, हे विचारणे हे आपले कामच आहे. तरीही या कथेतील एका माणसाकडे धर्मोपदेशकांचे लक्ष क्वचित गेले आणि क्रांतिकारकांचेही गेले नाही. तो माणूस म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी एक रात्र थांबला. त्यानंतर जखमा धुणे, घास भरवणे आणि मलमूत्र काढणे हे काम या बिननावाच्या माणसाने केले असणार. त्याला पुण्य मिळाल्याचे कथा सांगत नाही; त्याला दोन दिनार मिळाल्याचे सांगते. रुग्णालयातील नित्याची करुणा ही त्या रक्षकाची करुणा आहे, आणि तिचे देणे फेडणाऱ्याने दिलेले वचन पाळले तरच ती टिकते.

‘सिस्टर’ आणि ‘मावशी’

मराठी रुग्ण, मग तो कोणत्याही धर्माचा असो, परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो आणि आयाबाईला ‘मावशी’ म्हणतो. यांतला पहिला शब्द ख्रिस्ती धर्मभगिनींच्या रुग्णसेवेच्या परंपरेतून इंग्रजी रुग्णालयांत आणि तेथून आपल्याकडे आला. दुसरा घरचा आहे. दोन्ही नाती आहेत. परक्या माणसाने आपले शरीर हाताळावे हा प्रसंग इतका अवघड आहे की भाषेने त्यावर नात्याचे पांघरूण घातले. शुश्रूषा हा शब्दही पाहावा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून तो बनला असून ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ आहे. रोग्याचे ऐकून घेणे हे आपल्या भाषेनेही सेवेचे पहिले लक्षण मानले आहे.

मात्र ही नाती जोडणाऱ्या हातांना समाजाने काय दिले? रक्त, पू आणि विष्ठा यांना स्पर्श करणे जातिव्यवस्थेने खालच्यांच्या माथी मारले होते. म्हणून परिचर्येच्या शिक्षणाकडे सवर्ण कुटुंबांनी दीर्घकाळ पाठ फिरवली. मिशनच्या रुग्णालयांत हे काम शिकण्यास पुढे आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली. त्यांतील अनेकींची कुटुंबे एक-दोन पिढ्यांपूर्वी अस्पृश्य मानली जात होती, तर काही दुष्काळात अनाथ झालेल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात हिंडून निराधार मुली गोळा केल्या व केडगावला नेल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्यांना गावाने दूर ठेवले त्यांच्या मुलींनी गावाची शुश्रूषा केली. या व्यवहारातील उदात्तता मान्य करूनही त्यातील अन्याय झाकता येत नाही. सेवेचे गोडवे सर्वांनी गायिले, पण सेवेचे काम समाजाने पुन्हा खालच्या पायरीवरच वाटून दिले.

भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानची स्थिती मांडली, तेव्हा सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. म्हणजे डॉक्टरांच्या दुर्भिक्षापेक्षा परिचारिकांचे दुर्भिक्ष जवळजवळ सातपट तीव्र होते. निदान करणाऱ्याला समाजात मान होता, अंग पुसणाऱ्याला नव्हता. हे दोन आकडे त्याचीच साक्ष आहेत.

ती मनोवृत्ती गेली असे म्हणण्याचे धाडस ऑक्टोबर २०२३ नंतर कोणी करू नये. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत नवजात अर्भकेही होती. चौकशीच्या नावाखाली तेथे गेलेल्या एका खासदाराने रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन अस्वच्छ शौचालय साफ करावयास लावले, आणि ते चित्रण राज्यभर पाहिले गेले. अधिष्ठाते आदिवासी समाजाचे असल्याने या प्रकरणी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. औषधे, सफाई कामगार आणि परिचारिका पुरेशा का नव्हत्या, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत द्यावयाचे होते. नांदेडमध्ये झाडू देऊन ते मिळणार नव्हते. त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट ही की, रुग्णाचे शौचालय धुणे ही लोकप्रतिनिधीला शिक्षा वाटली. मिशनच्या परिचर्या-शाळेत तो शिक्षणाचा पहिला धडा होता. सेवाग्रामच्या आश्रमातही तो पहिलाच धडा होता. शंभर वर्षांत आपण या दोन्ही शाळांत नापास झालो.

अटीची करुणा

मिशनच्या रुग्णालयांवरील मुख्य आक्षेप धर्मांतराचा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असताना राज्य सरकारने १९५४ साली निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. शाळा आणि दवाखाने यांचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर होतो, असा निष्कर्ष तिने १९५६ साली काढला व वैद्यकीय सेवेच्या अशा वापराला कायद्याने बंदी करण्याची शिफारस केली. अहवाल एकांगी असल्याची टीका ख्रिस्ती समाजाने केली, आणि पुढे त्या अहवालाचा उपयोग अल्पसंख्याकांविरुद्ध द्वेष फैलावण्यासाठी ज्यांनी केला त्यांच्याशी समाजवाद्यांचे काहीच नाते असू शकत नाही.

तरीही तत्त्व म्हणून एक गोष्ट निर्विवाद आहे. वेदनेने विव्हळणाऱ्या माणसापुढे औषधाबरोबर श्रद्धेची अट ठेवणे, ती अट शब्दांत असो वा नजरेत, हा सौदा होय. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याची उपासना विचारली नव्हती. तेव्हा अट घालणारा मिशनरी प्रथम स्वतःच्या शुभवर्तमानाशीच बेइमान ठरतो. याच नियोगींनी त्याच १९५६ सालच्या ऑक्टोबरात, नागपूरच्याच भूमीवर, डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात बौद्ध धम्म स्वीकारला, हे अनेकांच्या स्मरणात नसते. धर्म बदलण्याचा प्रत्येकाचा अधिकार त्या मैदानावर लाखोंनी बजावला. तो अधिकार उघड्या मैदानात, उभ्या माणसाने बजावावयाचा असतो. खाटेवर पडलेल्या माणसाकडून तो वदवून घ्यावयाचा नसतो.

परंतु अहवालातून निघणारा दुसरा प्रश्न शासनाने विचारलाच नाही. खेड्यातील आजारी माणूस मिशनच्या दवाखान्यात का जात होता? त्याच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर दुसरा दवाखानाच नव्हता म्हणून. ज्या राज्याने उतारशाळा बांधली नाही, त्याला परक्याच्या उतारशाळेतील प्रार्थनेबद्दल तक्रार करण्याचा अधिकार फार थोडा उरतो. आज अटींचे स्वरूप बदलले आहे. खासगी रुग्णालयाच्या दाराशी अनामत रकमेची अट असते, शस्त्रक्रियेपूर्वी विमापत्राची असते, मृतदेह ताब्यात देण्यापूर्वी बिलाची असते. श्रद्धेच्या अटीविरुद्ध कायदे मागणारे लोक पैशाच्या अटीपुढे मूग गिळून बसतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

करुणा, समता आणि मॉर्फिन

नागपुरात करुणा हा शब्द केवळ बायबलमधून येत नाही. डॉ. आंबेडकरांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारण्याची कारणे सांगताना प्रज्ञा, करुणा व समता ही त्रयी मांडली. आमांशाने आजारी होऊन स्वतःच्या मलात पडलेल्या भिक्षूला बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने आंघोळ घातली आणि रोग्याची सेवा ती माझीच सेवा असे संघाला सांगितले, ही कथा विनयपिटकात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या तोंडीही याच अर्थाचे वचन आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई त्याच रोगाने १० मार्च रोजी गेल्या. सेवाग्रामात महारोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत आणि अंगाला तेल लावून चोळीत. तेव्हा करुणेवर कोणत्याही एका धर्माची मालकी नाही. ख्रिस्ती मिशनांचे वैशिष्ट्य एवढेच की, त्यांनी तिला संस्थेचे रूप दिले, तिचे शिक्षणक्रम केले, पाळ्या लावल्या आणि नोंदवह्या ठेवल्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेल्या रुग्णालयाची कीर्ती अशाच शिस्तीवर उभी होती.

आंबेडकरांच्या त्रयीत करुणेच्या एका बाजूला प्रज्ञा आहे आणि दुसऱ्या बाजूला समता आहे. त्यांपैकी एकही निसटली की करुणा बिघडते. प्रज्ञा निसटल्याचे उदाहरण कलकत्त्याचे आहे. मदर तेरेसांच्या मरणासन्नांच्या आश्रमाला भेट देऊन ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ साली लिहिले की, तेथे प्रेम होते, स्वच्छता होती, पण तीव्र वेदनेवरचे प्रभावी औषध नव्हते. रस्त्यावर मरणाऱ्यांना छप्पर देणाऱ्या त्या भगिनींची निष्ठा संशयातीत होती. पण वेदनेत काही पावित्र्य आहे असे मानणाऱ्या करुणेला मॉर्फिनची आठवण राहत नाही. त्याच ख्रिस्ती श्रद्धेतून निघालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी उलट मार्ग धरला. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे असाध्य रुग्णांचे शुश्रूषागृह काढले. वेदना सुरू होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यायचे, हा तेथला नियम होता. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले ‘शांती आवेदना सदन’ त्याच परंपरेतले आहे.

येथे कायद्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनच्या भोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की, अफूची अधिकृत लागवड करणाऱ्या या देशात कर्करोगाने तळमळणाऱ्या गरिबाला ते मिळेनासे झाले. दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले. मधल्या एकोणतीस वर्षांत किती डॉक्टर सहृदय होते आणि किती परिचारिकांनी रुग्णांचा हात धरून रात्री काढल्या, याला मोजमाप नाही. पण हात धरल्याने हाडातली वेदना थांबत नाही. कायद्याचे एक कलम करुणेला निष्फळ करू शकते आणि कलमाची दुरुस्ती तिला सफल करू शकते. राजकारणाचा रुग्णाच्या उशाशी असा संबंध येतो.

समता निसटल्याचे उदाहरण तर घरचेच आहे. नागपूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर भंडारा आहे. तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली व १० बालके दगावली. सात वाचवता आली. ती मुले गरिबांची होती. पुढे कारवाई झाली, आणि ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या निलंबनापासून कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यापर्यंत उतरत गेली. अग्निसुरक्षेची व्यवस्था वर्षानुवर्षे कागदावर ठेवणारी यंत्रणा मात्र जागच्या जागी राहिली. कोणाची चूक किती, याचा निवाडा न्यायालयाने करावा. परंतु ज्या परिचारिकेच्या नोकरीची शाश्वती आपण अकरा महिन्यांपलीकडे देत नाही, तिच्याकडून आईच्या जागरूकतेची अपेक्षा धरताना समाजाला संकोच वाटला पाहिजे. नात्याचे नाव ‘सिस्टर’ ठेवायचे आणि कागदावर तिला बाह्यस्रोत म्हणायचे, हा दांभिकपणा आहे.

देणे कोणाचे?

मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी परिचारिकांची भरती ठेकेदारांमार्फत करण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला, तेव्हा सेवाभाव कोठे गेला असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार शोमरोन्याला होता, कारण त्याने दोन दिनार मोजले होते. येथे दिनार कोणी मोजले? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, महासाथीच्या अवाढव्य खर्चानंतरही, तो १.८४ टक्के दिसतो. आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचललेला दिसतो. म्हणजे उतारशाळेचे बिल शेवटी जखमी माणसाच्याच हाती दिले जाते. ते देण्यासाठी तो बैल विकतो, दागिने मोडतो, सावकाराकडे जातो. विदर्भातील शेतकऱ्याच्या कर्जाची वही उघडली तर बी-बियाण्यांच्या शेजारी दवाखान्याचाही खर्च आढळतो.

मिशनच्या रुग्णालयांनी एकेकाळी हे देणे परदेशी देणग्यांतून फेडले. तो मार्ग कायमचा नव्हता आणि स्वाभिमानाचाही नव्हता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च-संघटना एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च स्थापन झाली. या संस्थांचा भार आता येथील लोकांनी वाहावा, ही जाणीव त्या एकीकरणामागे होती. पण दान आटले की रुग्णालयासमोर दोनच वाटा उरतात: रोग्याकडून बाजारभावाने पैसे घेणे किंवा नोकरांना कमी पगारावर राबवणे. पहिल्या वाटेवर करुणा रुग्णाला दुरावते, दुसऱ्या वाटेवर ती परिचारिकेच्या पोटातून काढली जाते. धर्मादाय संस्थेला यातून सुटका नाही, मग तिचा धर्म कोणताही असो.

तिसरी वाट नागपूरपासून फार दूर नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या वर्गणीची आरोग्य योजना सुरू केली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ज्वारी मोजून द्यावयाची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. आजारपण मात्र ज्याच्या वाट्याला येईल, त्याची सेवा वर्गणी किती भरली हे न पाहता करावयाची. द्राक्षमळ्याच्या कथेत शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज मिळतो. रस्किनने आपल्या ग्रंथाचे नाव त्या कथेवरून घेतले आणि त्या ग्रंथाच्या रूपांतराला गांधीजींनी ‘सर्वोदय’ हे नाव दिले. सेवाग्रामच्या खळ्यावर मोजलेल्या ज्वारीत तोच न्याय होता: ऐपतीप्रमाणे द्यावे, गरजेप्रमाणे मिळावे. हाच न्याय समाजवादी राज्याने कररूपाने राबवावयाचा असतो. एका रुग्णालयाला काही गावांत जे शक्य झाले, ते सबंध राज्याला अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या अर्थसंकल्पातील सवलतींच्या याद्या प्रथम लोकांपुढे ठेवाव्यात.

यातून कार्यकर्त्यांसाठी काही कामे निघतात, आणि ती भाषणांची नाहीत. नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि मेयोमध्ये गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक व्हरांड्यात निजतात. चिठ्ठी कोठे दाखवावी हे त्यांना कळत नाही. गोंडी बोलणाऱ्या बाईचे दुखणे समजून घ्यायला कोणी नसते. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक रात्र तेथे द्यावी. रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे स्वतः मोजावे, टिपून ठेवावे आणि तो आकडा आमदाराच्या हाती द्यावा. रिक्त पदे कायमस्वरूपी भरण्याच्या परिचारिकांच्या मागणीमागे रुग्णांच्या नातेवाइकांना उभे करावे, म्हणजे संपाच्या वेळी दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव फसेल. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी उपलब्ध आहे की नाही, हे विचारावे. म्यूर मेमोरियलसारख्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे राबलेल्या परिचारिकांना भेटून त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत. ती आपल्या श्रमिक चळवळीची न लिहिलेली बखर आहे.

अशी रात्र काढून आलेल्या कार्यकर्त्याला दया आणि हक्क यांच्यातील वाद थोडा निराळा दिसू लागेल. रुग्णाचा हक्क सभेत मिळवावा लागतो. पण पहाटे तीन वाजता तो हक्क म्हणजे ओली चादर बदलणारे दोन हात असतात. ते हात दमलेले नसावेत, एकटे नसावेत, त्यांना उद्याच्या नोकरीची धास्ती नसावी, एवढी व्यवस्था करणे म्हणजेच करुणेचे राजकारण. शोमरोन्याने परतताना उरलेले फेडण्याचे वचन दिले होते. भारताच्या प्रजासत्ताकानेही तसे वचन दिले आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून नोंदले आहे. उतारशाळेचा रक्षक अजून दाराशी वाट पाहत उभा आहे.